आग्रा रोडचे शेवटचे दोनशे किलोमीटर

पहाटे साडेपाचला जाग आली ती पाण्याच्या आवाजाने. अर्धवट झोपेत आधी बरंच वाटलं. दोन महिने घराबाहेर राहिल्यावर कुठलंही पाणी वाजलं की मला आमची गंगा आठवते. पंचवटीत आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. मग लक्षात आलं, आपण शिरपूरच्या पुढे एका धाब्याच्या आवारात गाडी लावून झोपलोय आणि पाणी पलंगाखाली वाजतंय.

हे माझ्या आधीच उठले होते. फरशीवर उकिडवे बसून पलंगाखाली टॉर्च मारत होते. मी पाय खाली टाकला तो थेट पाण्यात.

प्रवासाचा अठ्ठावन्नावा आणि शेवटचा दिवस. जानेवारीच्या शेवटी नाशिकहून निघालो होतो. कच्छचं रण, मारवाड, शेखावाटीतल्या चित्रांच्या हवेल्या, मग हरिद्वार, आणि परतीला आग्रा, ग्वाल्हेर, इंदूर. आदल्या दिवशी खलघाटला नर्मदा ओलांडली, बिजासनचा घाट उतरलो आणि पळासनेरची पाटी दिसली. त्या पाटीवरचा 'ळ' बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. इतके दिवस हिंदी पाट्या वाचल्यावर 'ळ' दिसणं म्हणजे अंगणात पाय ठेवल्यासारखंच. आता घर दोनशे किलोमीटरच्या थोडंसं वर राहिलं होतं. रात्री फोनवर मी धाकट्या जावेला सांगून टाकलं होतं, "जेवायला घरी. बारापर्यंत येतोच."

आमच्या सासूबाई शहाऐंशी वर्षांच्या आहेत. जावेने मागून त्यांचा निरोप सांगितला: तुम्ही आल्याशिवाय मी जेवणार नाही.

या रस्त्याबद्दल थोडं सांगायला हवं. नाशिककरांना मुंबई-आग्रा महामार्ग म्हणजे आग्रा रोड. जुन्या माणसांच्या तोंडी अजून 'तीन नंबरचा हायवे' असतं. २०१० मध्ये सगळे क्रमांक बदलले तरी. गावातून जाणारा तो जुना आग्रा रोड. माझं लहानपण त्याच्या काठावर गेलं. शाळेतून येताना 'आग्रा रोड ओलांडताना हात धर' हे आईचं रोजचं वाक्य. पण त्या नावात आग्रा नावाचं एक खरंखुरं गाव आहे आणि रस्ता तिथून निघतो, हे मी साठीला आल्यावर पहिल्यांदा पाहिलं. आग्र्याहून निघताना ह्यांनी मला म्हटलं होतं, "आता कुठेही वळायचं नाही. सरळ गेलं की आपलं घर." मला ते वाक्य फार आवडलं होतं.

आणि गाडीबद्दलही. ती मूळची शाळेची मिनीबस. आठ वर्षं तिने पोरं ने-आण केली. आम्ही ती जुनी घेतली आणि दीड वर्ष खपून तिचं घर केलं. हे अंबडच्या कारखान्यात टूलरूमला होते, चौतीस वर्षं. मी घरी ब्लाउज शिवते. त्यामुळे वाटणी सरळ होती: लोखंड यांचं, कापड माझं. पलंगाचा सांगाडा, ओटा, छतावरची सोलरची चौकट, पाण्याच्या टाकीची बैठक हे सगळं यांनी स्वतः कापून, घासून, वेल्डिंग करून बसवलं. गाद्यांची खोळ, पडदे, मसाल्याच्या बरण्यांना दारावर टांगायचे कापडी कप्पे माझे. पलंगावरची गोधडी सासूबाईंच्या जुन्या नऊवारी लुगड्यांची. आरटीओचे हेलपाटे यांनीच घातले, कारण बसची राहायची गाडी करायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मंजुरी लागते, नाहीतर विमासुद्धा कामाचा राहत नाही. मागचं दार उघडलं की बिजागरीच्या आत अजून शाळेचा पिवळा रंग दिसतो. तो यांनी मुद्दाम ठेवलाय.

तर ती टाकी. १२० लिटरची प्लास्टिकची, पलंगाखाली मागच्या चाकांच्या वर. भरली की १२० किलो वजन, आणि ते वजन गप्प बसत नाही. प्रत्येक गतिरोधकावर पुढे-मागे हिंदकळतं. टाकी धरून ठेवणाऱ्या चार लोखंडी ब्रॅकेटपैकी एक तुटली होती. टाकी तेवढी खचली, आणि पंपाकडे जाणारा पाइप तोटीतून सुटला. रात्रभर थेंब थेंब आणि पहाटे धार. फरशीचा प्लाय फुगला होता. खालच्या कप्प्यातला तांदूळ, हातशेवया, माझ्या दोन साड्या, सगळं भिजलेलं. गोधडीचं एक टोक खाली लोंबत होतं, ते पाणी ओढून ओढून अर्धी गोधडी ओलीचिंब झाली होती. लुगड्यांचा जुना जांभळा रंग सुटून चादरीला लागला होता.

हे काही बोलले नाहीत. तुटलेला तुकडा काढून बाहेर उजेडात घेऊन गेले. मी चहा टाकला आणि त्यांच्याकडे गेले. त्यांनी तो माझ्यासमोर धरला. तुटलेली कड मी कधी इतक्या जवळून बघितली नव्हती. बोटभर रुंदीचा तो काप. त्यातला पाऊण भाग तपकिरी-काळा, गंजलेला, आणि टोकाला नखाएवढीच जागा चांदीसारखी चकचकीत.

"हे चकचकीत आहे ना, ते आज तुटलं," हे म्हणाले. "बाकीचं केव्हाचंच तुटतंय."

वेल्डिंगचा जोड सहसा जोडावर तुटत नाही, त्याच्या कडेला तुटतो, असं त्यांनी सांगितलं. तापून थंड झालेलं लोखंड तिथे जरा कमकुवत होतं, आणि हलत्या वजनाने एकदा तिथे बारीक चीर पडली की रोज केसाएवढी पुढे सरकते. कदाचित कच्छमध्येच पडली असेल. दर तीन-चार दिवसांनी ते पलंगाखाली वाकून बघायचे. चीर टाकीकडच्या बाजूला होती, म्हणून दिसली नाही. एवढं सांगून त्यांनी तो तुकडा शर्टाच्या खिशात टाकला.

सोनगीरला वेल्डिंग करून घेऊ, असं त्यांनी ठरवलं. सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. तिथे धातू जोडणारा माणूस मिळणारच. दुकान मिळालंही. पण वीज नव्हती. अकरापर्यंत येईल, असं दुकानदार म्हणाला. टाकी काढायची, जोड मारायचा, पुन्हा बसवायची, म्हणजे दुपारचा एक. आणि घरी एक म्हातारं माणूस ताट वाढायची वाट बघणार.

इथे मी बोलले. "अहो, राहू द्या ना. उरलंसुरलं पाणी सोडून देऊ, टाकी रिकामी करू. रिकाम्या टाकीला काय होतंय? तीन-साडेतीन तासांत घरी पोचतो आपण."

ते थोडा वेळ गाडीकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी खालचा कॉक उघडला आणि टाकीत राहिलेलं सगळं पाणी त्या दुकानामागच्या बाभळीच्या बुंध्याशी सोडून दिलं. पुढे जे झालं त्यात या निर्णयाचा वाटा मोठा आहे आणि तो माझा आहे. म्हणून तो इथे लिहून ठेवते.

धुळं गेलं, लळिंगचा किल्ला डाव्या-उजव्या हाताला फिरत मागे पडला. मालेगावात तासभर अडकलो. मार्चची विशी उलटलेली, दहा वाजताच पत्र्यावर हात ठेववत नव्हता. सौंदाण्याच्या पुढे रस्त्यावर कांद्याचे ट्रॅक्टर लागले. उन्हाळ कांदा निघायला लागला की या पट्ट्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग उमराण्यापर्यंत दिसते. त्यांच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगत रांगत राहूडचा घाट चढायला लागलो. मालेगावकडून नाशिकला येताना तो चढ आहे. फार मोठा नाही. मी कितीतरी वेळा एसटीने पेंगत पेंगत चढलेय तो.

"काटा बघ," हे म्हणाले.

तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला होता. त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, आणि बोनेटच्या फटीतून वाफ निघाली. आधी पांढरी बारीक रेघ, मग भसाभस. गोडसर, औषधी वास येतो कूलंटचा, तो आला. रेडिएटरला जाणारा रबरी पाइप टोकाशी फाटला होता. जुनं रबर. निघताना मी म्हटलं होतं, सगळे पाइप नवे टाकून घ्या. ह्यांनी तीन बदलले होते. हा चांगला दिसला म्हणून ठेवला होता.

आता पाणी हवं होतं. अठ्ठावन्न दिवस १२० लिटर पाणी पाठीवर घेऊन फिरलो, वाळवंटात सुद्धा भांडी विसळायला कमी पडलं नाही. आणि राहूडच्या घाटात, आपल्या जिल्ह्यात, आमच्याकडे प्यायच्या दोन बाटल्या होत्या. एक अर्धी.

आणि कॅन होता.

तो पाच लिटरचा पांढरा कॅन हर की पौडीवर विकत घेतला, मी स्वतः पाण्यात उतरून भरला, झाकणावर फडकं बांधून मेण ओतलं. तो सासूबाईंसाठी. त्या लग्न होऊन आल्यापासून, गुडघे गेले तोपर्यंत, रोज पहाटे रामकुंडावर जात. 'आपली गंगा आहेच. एकदा तिकडची बघायची होती,' असं त्या अधूनमधून म्हणत. ते राहूनच गेलं. आम्ही निघताना त्यांनी काहीच मागितलं नव्हतं, फक्त हरिद्वार किती दिवस आहे ते दोनदा विचारलं होतं.

मी कॅन बाहेर काढला. ह्यांनी तो माझ्या हातातून घेतला, आत नेला आणि पुन्हा पलंगाच्या कोपऱ्यात ठेवला.

"आईचं आहे ते."

"अहो, पाच लिटरमध्ये चांदवड गाठू. आई उपाशी बसल्यात घरी. त्यांना पाण्यापेक्षा—"

"आईचं आहे," एवढंच.

मग मला जे बोलायला नको होतं ते मी बोलले. पाइपाचं बोलले. टाकीचं बोलले. "दोन महिने मिरवली ही गाडी, लोकांना बोलवून बोलवून दाखवली, आणि घरापर्यंत येईना," असं म्हणाले. ह्यांचा हात खिशावर गेला, जिथे तो लोखंडाचा तुकडा होता, आणि तिथेच राहिला. ते मी पाहिलं. पाहिल्यावरसुद्धा थांबले नाही, हे मला जास्त लागतं.

घरात भांडण झालं की माणसाला जायला जागा असते. हे घाटावर जाऊन गाडगे महाराज पुलाखाली बसतात, नाहीतर भाजी आणायला जातात आणि नको तेवढी आणतात. मी मशीनवर बसते. मशीनच्या आवाजात राग विरतो. दोन बाह्या जोडून होईपर्यंत निम्मा गेलेला असतो. अशा गाडीत चौदा फूट लांब आणि सहा फूट रुंद जागा. त्यात रुसायला कोपरा नाही. एरवी हेच मला गाडीचं मोठं सुख वाटलं होतं. या दोन महिन्यांत आम्ही एकमेकांशी जेवढं बोललो, तेवढं गेल्या वीस वर्षांत बोललो नसू. ते कारखान्यातल्या पहिल्या पाळीपासून दुसऱ्यापर्यंत, मी गिऱ्हाइकांच्या मापांत. बोलायला असायचं ते पोरांच्या फीचं आणि गॅसच्या नंबराचं. जैसलमेरच्या थंडीत एकाच शालीत बसून ह्यांनी मला टूलरूममधली त्यांची पहिली चूक सांगितली होती, जी त्यांनी चाळीस वर्षं कोणाला सांगितली नव्हती. मापात शंभरावा भाग चुकला म्हणून एक डाय वाया गेली, आणि तिचा ठपका दुसऱ्यावर आला. ते सांगताना त्यांचा आवाज बारीक झाला होता. ज्या माणसाला शंभराव्या भागाची चूक चाळीस वर्षं झोपू देत नाही, त्याला मी भर रस्त्यात 'मिरवली' म्हणाले.

ते रस्त्याच्या एका कडेला दगडावर बसले, मी गाडीच्या पायरीवर. पाऊण तास. गरम रेडिएटरचं झाकण तसंही लगेच उघडता येत नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेलं असतं, उघडलं की तोंडावर येतं. गार होईपर्यंत बसणं भाग होतं. ट्रक जात होते, प्रत्येक ट्रकाबरोबर गाडी डुलायची. जावेचा फोन आला. "ताई, कुठपर्यंत आलात?" मी सांगितलं, चांदवडच्या अलीकडे. खोटं नव्हतं. "आई म्हणतात, सावकाश या." मागून ताटाचा आवाज आला. पावणेदोन वाजले होते.

थांबला तो कांदा घालून परत निघालेला एक पिकअपवाला. पंचविशीचा असेल. गाडी रिकामी, मागे नुसती बारदानं आणि पाण्याचा वीस लिटरचा जार. उतरून आधी त्याने झाकणावर ओलं बारदान टाकलं. "काका, अजून गरम आहे. चटका बसंल." मग हळूहळू, एक एक आटा सोडवत झाकण उघडलं. फाटलेल्या पाइपावर त्याने स्कूटरच्या ट्यूबचा पट्टा करकचून गुंडाळला, वरून तार पिरगाळली. जार सगळा ओतला. कांद्याचं विचारलं तर म्हणाला, "काय सांगू मावशी, भाडं सुटलं म्हणायचं." आणि बाकी काही बोलला नाही.

पैसे घेईना. थोडा घुटमळला, आणि मग म्हणाला, "आतून बघू का गाडी?"

दोन महिन्यांत हा प्रश्न आम्हाला शेकडो वेळा विचारला गेला असेल. सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण आपल्याकडे अशी गाडी अजूनही लोकांना नवलाची आहे. पेट्रोल पंपावर, धाब्यावर, देवळाच्या आवारात रात्र काढायची म्हणजे कोणाच्या तरी भलेपणावरच काढायची, आणि त्या भलेपणाची परतफेड म्हणून आम्ही दार उघडून गाडी दाखवत आलो. बायका ओटा बघतात, पोरं वरच्या बर्थवर चढतात, पुरुष विचारतात ॲव्हरेज किती देते. दरवेळी हे पुढे होऊन दाखवायचे. आज ते दगडावरून उठले नाहीत.

मग मी दाखवली. ओला प्लाय, पिळून टांगलेली गोधडी, तांदळाचा लगदा, सगळ्यासकट. हा ओटा, याच्याखाली गॅस. हे उघडलं की टेबल होतं, झाकलं की बाक. "हे सगळं काकांनी केलंय?" त्याने विचारलं. "एकट्याने," मी म्हणाले. "एक खिळाही बाहेरच्याने मारला नाही." मोठ्याने म्हणाले. दगडापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. तो ओट्याच्या कप्प्याची कडी लावून-काढून बघत राहिला. चालत्या गाडीत कप्पे उघडू नयेत म्हणून ह्यांनी पितळेच्या पट्टीतून घडवलेली ती कडी, बोटाने उचलून मग ओढायची. तो म्हणाला, "बहिणीच्या घरी अशीच कडी करायला लागंल, पोरगं सारखं खण उपसतं."

चांदवडला पोचलो ते तीनला. रेणुकामातेचा डोंगर दिसला तसे मी आपोआप हात जोडले. मेकॅनिकने पाइप बघितला. त्या मापाचा त्याच्याकडे नव्हता. फाटलेलं टोक दोन बोटं कापून टाकलं, उरलेला ताणून बसवला, वर दोन क्लिपा आवळल्या. ताण असल्यामुळे किती टिकेल सांगता येत नाही, म्हणाला. "चाळीसच्या वर नेऊ नका. आणि हीटर असला तर फुल्ल चालू ठेवा."

हीटर होता. उत्तरेच्या थंडीसाठी ह्यांनीच बसवला होता. इंजिनातलं गरम पाणी एका छोट्या जाळीतून फिरवायचं आणि पंख्याने ती ऊब आत घ्यायची, असं ते काम. म्हणजे हीटर चालू केला की इंजिनाची उष्णता गाडीच्या आत येते आणि रेडिएटरवरचा भार तेवढा हलका होतो. चांदवड ते नाशिक पासष्ट किलोमीटर. मार्चची दुपार. सगळ्या खिडक्या उघड्या, बाहेरून झळा आणि पायांवर हीटरचा फुफाटा. माझ्या चपलेचा रबर मऊ झाला. ह्यांच्या कपाळावरून घाम डोळ्यांत जात होता आणि स्टिअरिंग सोडून पुसता येत नव्हता, म्हणून मी माझ्या पदराने पुसत होते. वडाळीभोई गेलं. शिरवाड्याच्या आसपास मी ओल्या गोधडीचा एक कोपरा त्यांच्या मानेवर ठेवला. त्यांनी तो राहू दिला. काटा मध्यावर होता आणि आम्ही दोघं फक्त त्या काट्याकडे बघत होतो. पिंपळगावच्या बाहेर द्राक्षांच्या क्रेट भरलेल्या गाड्यांनी आम्हाला एकामागून एक मागे टाकलं. टोलवर टॅग वाचला गेला नाही, दुप्पट पैसे भरले. त्याबद्दल भांडायला अंगात त्राण नव्हतं.

ओझर, मग आडगाव. नाशिकचे दिवे लागले होते. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात जागोजागी खोदकाम चालू आहे. जिथून वळायचो तो रस्ता बंद, जिथून बंद असायचा तिथून वाहतूक. वळसे घेत घेत काटा पुन्हा वर चढायला लागला. आमचं घर काळारामाच्या मागच्या गल्लीत. तिथे रिक्षा जाते, मिनीबस जात नाही. गाडी आम्ही हिरावाडीतल्या एका ओळखीच्या प्लॉटवर लावतो. तिथे गेलो तर प्लॉटभर मांडव. कोणाची तरी हळद होती. मांडवाचे बांबू बघून हे हसले. त्या दिवसात पहिल्यांदा. खरं तर तो हसण्यासारखा आवाज होता, हसू नव्हे.

शेवटी तपोवनाकडे एका मोकळ्या जागेत गाडी उभी केली. साडेआठ वाजले होते. दोनशे किलोमीटरला चौदा तासांच्या वर.

"तू जा रिक्षाने," हे म्हणाले. "मी थांबतो. मागच्या खिडक्या बंद केल्या तर प्लाय कुजेल, आणि उघड्या ठेवून सोडता येणार नाही."

मी कॅन उचलला आणि गेले.

सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. जेवल्या नव्हत्या, जावेने दुपारी दूध-केळं बळेच दिलं होतं. मला वाटलं होतं, कॅन हातात दिला की त्यांना भरून येईल. त्यांनी कॅन बाजूला ठेवला, माझे हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "किती गरम आहेस गं. ताप आहे का?" मग म्हणाल्या, "तो कुठाय?" सांगितलं. त्यांनी जावेला डबा भरायला लावला. पुरणपोळ्या, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, सगळं दुपारचं. "त्याला गरम करून दे. आमटी गार आवडत नाही त्याला." मग त्यांनी स्वतःचं ताट वाढून घेतलं, आणि मी समोर बसून त्यांनी दोन घास खाल्लेले बघितले, तेव्हा उठले.

दहाच्या सुमाराला मी तपोवनात परत आले. रिक्षावाल्याने विचारलं, "एवढ्या रात्री इथे?" म्हटलं, "घर आहे तिथं."

गाडीचं मागचं दार उघडं होतं. ह्यांनी पलंगाच्या फळ्या काढल्या होत्या, टाकी बाहेर उतरवून ठेवली होती आणि फरशीवर पालथे पडून, तोंडात टॉर्च धरून, उरलेल्या तीन ब्रॅकेट बघत होते. प्लायवर खडूने एक आकृती काढलेली. शेजारी तो तुटलेला तुकडा.

मी डबा ओट्यावर ठेवला आणि त्यांच्या तोंडातली टॉर्च काढून हातात घेतली.

"दुसरीलाही चीर आहे," ते म्हणाले. "हे बघ, इथे. कडेला."

मी वाकले. जोडाच्या कडेने एक केसासारखी रेघ होती. बोट फिरवल्यावर नखाला लागत होती.

"तुमच्या हीटरने आणलं आज घरी," मी म्हणाले.

ते काही बोलले नाहीत. खडू उचलून त्यांनी आकृतीच्या कोपऱ्यात एक तिरका त्रिकोण काढला. तिथे आधाराची पट्टी द्यायला हवी होती, म्हणाले, मग हलत्या वजनाचा झोक एकट्या जोडावर येत नाही. चारही ठिकाणी देऊ. मापं लिहून घेशील का? मी माझ्या पर्समधून शिवणाचा टेप काढला. त्यांनी एक टोक धरलं, मी दुसरं.

"टॉर्च जरा डावीकडे घे," ते म्हणाले. मी घेतली.